म्हातारीचा खरा आकडा

२ मार्च, सोमवार

आजपासून मी डोळे!

सकाळी सात वाजता बाबाची खालून हाक — "भिंगरी, ऊठ. दादा गेला, आता डोळे तुझे." मी उशी कानावर घेतली. दुसरी हाक आलीच नाही. बाबा दुसरी हाक कधी मारत नाही, तिथेच तर पंचाईत आहे. ओरडला असता तर मस्त झोपले असते.

दादा काल गेला. दूरच्या शहरात नोकरी लागली त्याला. जाताना मला म्हणाला, "टँककडे लक्ष दे. आणि माकडचाळे करू नकोस." दोन्ही एकदम कसं जमायचं?

बाबाला रंग कळत नाहीत. जन्मापासूनच. बाकी नजर अशी की शिलाई मशीनच्या पोटात पडलेला तिळाएवढा स्क्रू तो बॅटरी न लावता काढतो. तेच त्याचं काम, खालच्या खोलीत मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आमचं. पण हिरवं, गुलाबी, राखाडी, त्याला सगळं सारखंच. आणि असल्या माणसाने पाळलंय काय? खाऱ्या पाण्याचा टँक! आत कोरल, म्हणजे प्रवाळ! अख्ख्या गल्लीत इतकं रंगीत दुसरं काही नाही. आई म्हणते, "मला स्वेटर आणला तो मातीच्या रंगाचा. म्हणे हिरवा आहे. आणि माशांना मात्र बघा!"

एकदा विचारलं होतं मी, तुला काय दिसतं रे त्यात? म्हणाला, "हलतं ते दिसतं. रंग तुमच्यासाठी."

३ मार्च

काम समजलं. सोपं आहे. पण बाबाने असं समजावलं जसं काही विमान चालवायचंय.

टँकमधलं चमचाभर पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं. त्यात चार थेंब टाकायचे की ते निळंहिरवं होतं. मग सिरिंजमधून दुसरं औषध एकेक थेंब सोडायचं, बाटली हलवायची, परत थेंब, परत हलव. एका थेंबाला अचानक पाणी गुलाबी होतं. तिथे थांबायचं. सिरिंजमध्ये किती उरलं ते तक्त्यात बघायचं, आकडा मिळतो. पाण्यात क्षार किती आहे त्याचा आकडा. बाबा त्याला 'अल्क' म्हणतो. आमचा आकडा आठ. कोरल त्यातूनच आपली हाडं बांधतं, म्हणून रोज थोडा कमी होतो आणि रोज तेवढा परत घालायचा. खायचा सोडा कढईत भाजून, पाण्यात विरघळवून. घरातला सगळा सोडा माशांनीच खाल्ला असं आईचं म्हणणं.

हिरव्याचं गुलाबी — नेमकं तेच बाबाला दिसत नाही! आठ वर्षं दादाचे डोळे वापरले.

केमिस्ट्रीत मी दोनदा नापास. प्रॅक्टिकलला परीक्षकांनी विचारलं, "रंग कधी बदलला?" मी म्हटलं, "तुम्ही शिंकलात तेव्हा." आणि आता बघा, रोज सकाळी केमिस्ट्री! चहाच्या आधी!

आजचा आकडा ८.

४ मार्च

आयडिया!!!

रोज आठ, आठ, आठ. बाबा त्याच्या वहीत 'आठ' लिहितो, मान हलवतो, दुकान उघडतो. इतकं कंटाळवाणं मी आयुष्यात काही पाहिलं नाही. म्हणून आज सांगितलं — "सात पॉइंट आठ." बाबाने पेन थांबवलं. भुवई एक सूत वर. बास, तेवढंच! पण मला काय मजा आली!

१५ तारखेला त्याचा वाढदिवस. तोपर्यंत रोज थोडा थोडा आकडा उतरवायचा. तो काळजीत पडणार, डोकं खाजवणार. आणि वाढदिवसाला मी त्याला खऱ्या आकड्यांचा तक्ता भेट देणार, वर मोठ्या अक्षरात — गंडलास! दुकानातल्या बॉबिनच्या खणात रबरी साप ठेवला होता त्याच्यापेक्षा भारी. तो साप बाबाने उचलला, म्हणाला, "शेपटी उसवली आहे," आणि शिवून परत दिला. असल्या माणसाला गंडवायचं म्हणजे तयारी लागते.

खरे आकडे इथे लिहीत जाईन.

आज खरा ८. सांगितला ७.८.

६ मार्च

खरा ८.१. सांगितला ७.३.

बाबा वहीची मागची पानं चाळत होता. "असं कधी झालं नव्हतं." मी चेहरा एकदम साधा ठेवला. आतल्या आत जीभ चावली.

८ मार्च, रविवार

मीठवाला आला होता. टँकचं मीठ आणि सामान विकतो म्हणून मीठवाला. खरं नाव बाबालाही आठवत नसेल. आत आला की आधी म्हातारीला नमस्कार करतो मग माणसांना.

म्हातारी म्हणजे मधलं मोठं फांद्यांचं कोरल. माझ्या दोन ओंजळींएवढं. जांभळं, टोकं निळसर, आणि अंगभर बारीक लव. ती लव म्हणजे त्याची तोंडं, हजारो! आठ वर्षांपूर्वी मीठवाल्याने बाबाला अंगठ्याएवढा तुकडा दिला होता. या लोकांची रीतच आहे, चांगलं काही वाढलं की तोडून दुसऱ्याला द्यायचं. आपल्याकडचं मेलं तर त्याच्याकडून परत आणता येतं. गेल्या वर्षी मीठवाल्याच्या घरची वीज दोन दिवस गेली आणि त्याचं सगळं मेलं. त्याची मूळची म्हातारीपण. आता जगात ती एवढीच. आमच्याकडे.

"बावीसला येतो," म्हणाला. "माझं लेकरू परत न्यायला. नवीन टँक तयार आहे."

बाबा म्हणाला, "तुझ्यासाठी डावीकडची फांदी ठेवली आहे. सगळ्यात चांगली."

खरा ९. सांगितला ७.

९ मार्च

गंमतच! मी आकडा उतरवतेय आणि खरा चढतोय! ९.६! म्हातारीला मार्क पडतायत! माझ्या अख्ख्या खानदानात केमिस्ट्रीत इतके कोणाला पडले नाहीत. वाढदिवसाला डबल बातमी — बाबा, तू गंडलास आणि टँक पहिल्या नंबराने पास!

सांगितला ६.८.

११ मार्च

खरा १०.९. सांगितला ६.५.

बाबाने हीटर बाहेर काढला होता. त्याच्यावर पांढरा खरखरीत थर. अंगठ्याने खरवडत म्हणाला, "हे असं व्हायला नको. अल्क जास्त झालं की असा थर बसतो. आणि इथे तर कमी आहे." स्वतःशीच बोलत होता. मग मला — "तू बरोबर बघतेस ना गं?"

मी म्हटलं, "बाबा, मी नापास आहे, आंधळी नाही."

हसला. म्हणाला, "खरंय. किटच खराब असणार."

हसायला आलं नाही मला. का कोणास ठाऊक.

१२ मार्च

बाबाने जुनं किट फेकून दिलं. मिठाची गोणी बदलली. स्वतःचा वजनकाटा तपासला. नवीन किट आणलं आणि आज शेजारी बसून बघत होता. सिरिंज माझ्या हातात. थेंब. हलव. थेंब. पाणी अजून ढळढळीत हिरवं होतं. मी म्हटलं, "झालं! गुलाबी!"

बाटली त्याच्या नाकासमोर होती. हिरवीगार. त्याने मान डोलावली आणि वहीत लिहिलं, ६.४.

तो गेल्यावर उरलेले थेंब टाकून खरा आकडा घेतला. ११.४.

एवढं सोपं असायला नको होतं.

१३ मार्च

सांगून टाकू का? दोनच दिवस तर राहिलेत. तक्ता पूर्ण झालाय, लाल स्केचपेनने 'गंडलास!' लिहिलंय, प्रत्येक अक्षराला डोळे काढलेत.

खरा १२. सांगितला ६.३.

म्हातारीची लव आज दिसत नाही. सुस्त असेल.

१४ मार्च, शनिवार

अक्षर बघ कसं आलंय.

सकाळी खाली गेले तर बाबा टँकसमोर स्टुलावर. दुकानाचं शटर अजून बंद. म्हणाला, "म्हातारीने केस आत घेतलेत. टोकं बघ. मला पांढरं-काळं तेवढं नीट दिसतं. ही पांढरी आहेत ना?"

पांढरी होती. जळाल्यासारखी. नखांएवढी टोकं, कातडंच नाही, नुसतं हाड.

"उपाशी मारली मी तिला," बाबा म्हणाला. "अल्क खाली खाली चाललंय आणि मी चमच्या-चमच्याने घालतोय. रोज वाढवून घालतोय तरी पुरत नाही. आज दुप्पट घालतो." आणि सोड्याच्या पाण्याचा मग उचलला.

रोज वाढवून घालतोय!

मला माहीतच नव्हतं गं. संध्याकाळी दुकान बंद करून घालायचा तो. तेव्हा मी घरात कधी असते? मला वाटलं आकडा नुसता वहीत लिहितो आणि सोडा रोजचा तेवढाच घालतो. माझ्या प्रत्येक खोट्या आकड्यावर तो खरा सोडा ओतत होता. म्हणून चढत होता. मार्क नव्हते ते. विष होतं.

सोड्याचा मग टँकवर वाकडा होत होता. मी ओरडले, "थांब! ओतू नकोस! बारा आहे! साडेबारा असेल आज!"

त्याने तो मग खाली ठेवला. एक थेंब सांडला नाही. म्हणाला, "किती दिवस?"

"दहा."

"खरे आकडे आहेत?"

मी वर धावले. तक्ता आणला. आणल्यावर लक्षात आलं वर काय लिहिलंय. पण मागे कसं घेणार? त्याने चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. ८, ८, ८.१, ८.५, ९... शेवटी परत वर गेला. अक्षरांना काढलेले डोळे बघितले.

"हो," म्हणाला. "गंडलो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कान तरी पिळायचा! चहा घेतला नाही, शटर उघडलं, आणि दिवसभर एका मशीनचा पट्टा लावत बसला. पाच मिनिटांचं काम आहे ते.

१५ मार्च

वाढदिवस. आईने विचारलं, "तुम्ही दोघं भांडलात का?" बाबा म्हणाला, "नाही." ते खरंच आहे. भांडायला दोघं लागतात.

१६ मार्च, सोमवार

आज हाक आली नाही. सात वाजले, सव्वासात. जिन्यावरून डोकावले तर आई टेस्ट करत होती, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली तिची पाळी आठची. बाबा बाजूला उभा.

"झालं का गुलाबी?"

"गुलाबी म्हणजे कुठलं गुलाबी? गुलाबाचं की हिरडीचं?"

"अगं, हिरवं जाऊन गुलाबी!"

"मला तर जांभळं वाटतंय. थांब, खिडकीशी नेते. अरे, इथे निळं आहे! तूच बघ ना जरा."

"मी बघू?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मग आई इतकी हसली की बाटलीच सांडली. बाबापण हसला. मी जिन्यावर बसून राहिले. त्या हसण्यात मी नव्हते.

१७ मार्च

आईचे आजचे आकडे — आधी नऊ, मग तेरा, मग "मला उशीर होतोय."

दादाचा फोन. मीच उचलला. सगळं सांगितलं. फाडफाड बोलला. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "पण असं होईलच कसं? बाबाकडे तर मी —" तेवढ्यात बाबाने फोन घेतला हातातून. "काही नाही रे. ते राहू दे. जेवण कसं आहे तिकडे?" आणि फोन घेऊन दुकानात गेला.

म्हातारीच्या उजव्या बाजूच्या दोन फांद्या बुडापासून पांढऱ्या.

१८ मार्च

हाक आली! "भिंगरी!" एकदाच. मी जिना तीन उड्यांत उतरले.

बाबा म्हणाला, "बस. तुझ्या डोळ्यात खोट नाही. खोट तोंडात आहे. तोंड सुधारतं."

आता पद्धत वेगळी. सिरिंज त्याच्या हातात, बाटली माझ्या. तो थेंब सोडणार, मी हलवणार आणि मी फक्त एक शब्द बोलायचा — "थांब." आकडा तो वाचणार.

थेंब. हिरवं. थेंब. हिरवं. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कशाकडे बघितलं नसेल, परीक्षेतल्या पुढच्या बाकावरच्या पेपरकडेही नाही. मग एका थेंबाला कडेने गुलाबी धूर आला, हलवल्यावर गेला. "अजून नाही," म्हटलं. अर्धा थेंब. राहिला.

"थांब."

११.६. सोडा घालणं बंद केलंय म्हणून उतरतोय. मी म्हटलं, पाणी बदलून झटकन आठवर आणू की! बाबा म्हणाला, "घाईने चढवून तिला पोळलं. आता घाईने उतरवलं तर मरेल. रोज अर्धा. बास. तिचं तिला उतरू दे."

आणि एक. वहीत त्याने माझा तक्ता चिकटवलाय. दहा दिवसांच्या खोट्या आकड्यांवर आडवी रेघ आणि शेजारच्या पानावर तो. 'गंडलास!' सकट. मी म्हटलं, "वरचं तरी कापायचं!" म्हणाला, "का? तेवढंच तर बरोबर लिहिलंयस सुरुवातीपासून."

टोमणा होता! बाबाने मला टोमणा मारला! मला रडूच आलं आनंदाने.

२० मार्च

१०.५. पांढरं वर चढतंय. डावीकडची फांदी — मीठवाल्याची — अजून शाबूत. बुडाशी मात्र नखभर पांढरं.

बाबा म्हणतो वाट बघितली तर तीपण जाईल. आजाऱ्याच्या अंगावरून निरोगी भाग तोडून वेगळा करायचा. तोच एक उपाय.

दुकानातली जाड तार कापायची पक्कड उकळून घेतली. बाबाने माझ्या हातात दिली. "मला कातडं कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं ते कडेला नीट कळत नाही. तू काप. जांभळ्यात काप, पांढऱ्यापासून बोटभर लांब."

मी म्हटलं, "मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

कट! आवाज खडू मोडल्यासारखा. पाच तुकडे केले. प्रत्येक तुकडा दगडाच्या छोट्या चकतीवर गोंदाने चिकटवला. माझी दोन बोटंपण चिकटली. बाबाने सुईच्या टोकाने सोडवली. बराच वेळ लागला. तोवर माझा हात धरून बसला होता.

२२ मार्च, रविवार

मीठवाला आला. हातात रिकामा डबा, अंगावर इस्त्रीचा शर्ट! लग्नाला आल्यासारखा. आत आला, म्हातारीकडे बघितलं आणि हात जोडायचे ते तसेच राहिले.

बाबा म्हणाला, "माझ्याकडून सोडा जास्त पडला. चूक माझी."

मी फडताळाआड उभी होते. गप्प राहायचं एवढंच काम होतं. अगदी सोपं. पण तोंड सुधारायचंय ना!

"काका, खोटं बोलतोय तो. चूक माझी. मी आकडे खोटे सांगितले, दहा दिवस. गंमत म्हणून."

मीठवाला माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता डबा फेकून मारणार. स्टुलावर बसला. म्हणाला, "पाणी दे." दिलं. प्यायला. मग म्हणाला, "माझा पहिला टँक कसा मेला माहीत आहे? मी काच पुसली. आतून. घरातली भांडी घासतात त्या साबणाने. म्हटलं पाहुणे येणार, चकचकीत दिसू दे. काय फेस! काय फेस! पाहुणे म्हणाले, वा, आत बर्फ पडतोय!"

बाबा म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"कोण सांगेल?" आणि माझ्याकडे बोट — "हिने सांगितलं. बारा-पंधरा वर्षं मी नाही सांगू शकलो आणि हिने आठवड्यात सांगितलं."

पाचातले दोन तुकडे बाबाने त्याच्या डब्यात घातले. मीठवाल्याने एक परत काढून ठेवला. बाबाने परत घातला. असं तीनदा. शेवटी मी म्हटलं, "काका, न्या. आमच्याकडे ठेवलेलं किती सुरक्षित असतं ते बघितलंत ना!" तेव्हा कुठे नेले.

२७ मार्च

८.४. दोन तुकड्यांची लव बाहेर! सकाळी मी आधी पाहिली. हाक यायच्या आधीच खाली होते मी. बाबाला सांगितलं तर म्हणाला, "मला दिसली. हलतेय."

तिसरा तुकडा मेला. मोठी म्हातारी जवळजवळ सगळी पांढरी. बाबा तिला काढत नाही.

१ एप्रिल

आज जगभर लोक एकमेकांना गंडवतात. मी टेस्ट केली. ८.१. आकडा सांगितला. बाबाने वहीत लिहिला.

आई म्हणाली, "आज बरी आहेस ना गं?" आणि कपाळाला हात लावून बघितला.

मीठवाल्याचा फोन. दोन्ही जगले. "नवीन टोक फुटलंय," म्हणाला. "पांढरं. पण वाढीचं पांढरं, मरणाचं नाही." दोन पांढऱ्यांत फरक असतो. वाढीचं पांढरं टोक ओलं, चकाकतं. आता मला कळतो.

५ एप्रिल

माझा स्पीकर विकला. तोच, ज्याच्यावर कावळ्यांचा आवाज लावून मी समोरच्या न्हाव्याला तीन दिवस छत बघायला लावलं होतं. न्हाव्यालाच विकला! म्हणाला, "दे, कटकट गेली."

मीठवाल्याकडे एक मीटर मिळतं. आगपेटीहून थोडं मोठं. पाणी घालायचं, बटण दाबायचं, आकडा समोर. रंग नाही, गुलाबी नाही, थांब नाही. बाबाला कोणाच्या डोळ्यांची गरज नाही आणि कोणाच्या तोंडाचीपण. ते घेतलं. उशिराची वाढदिवसाची भेट.

देताना डबा हातातून सोडवेना. कारण मग माझं सकाळचं काम संपलंच ना. पण न्याय म्हणजे न्याय.

बाबाने डबा उलटसुलट केला. "अरे वा. छान आहे." डोक्यावर टपली मारली. दुकानातल्या खालच्या खणात ठेवला.

६ एप्रिल

"भिंगरी!"

मी खाली. "मीटर आहे ना आता?"

"त्याला सेल लागतो. आणायचाय. धर बाटली."

८.

९ एप्रिल

"सेल आणलास?"

"राहिलं. धर बाटली."

८. दोन्ही तुकड्यांनी चकतीवर पाय पसरलेत. जांभळी किनार, मिलीमीटरभर. आणि मोठ्या म्हातारीच्या अगदी बुडाशी, जिथे आम्ही मेली म्हणून बघणं सोडलं होतं, तिथे एक जांभळा ठिपका. मसुराएवढा. बाबाला दाखवला. त्याने भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. "म्हणून काढत नव्हतो," म्हणाला.

म्हातारी खट आहे!

१२ एप्रिल, रविवार

सेल मीच आणला. बाबा अंघोळीला गेला होता. म्हटलं आपणच घालून ठेवू. खालचा खण उघडला.

दोन मीटर. सारखेच डबे. एक माझा, सीलबंद. दुसरा त्याच्याखाली, तोपण सीलबंद. त्याला दादाच्या अक्षरातली चिठ्ठी, टेपने लावलेली. 'बाबा, नुसतं बटण दाबायचं. आता रंग बघायला कोणी नको. १ मार्च.'

१ मार्च. म्हणजे मला पहिली हाक मारली त्याच्या आदल्या दिवशी. किट फेकलं, मीठ बदललं, वजनकाटा तपासला, आणि हा डबा पायाशी असून उघडला नाही. एकदा उघडला असता तर मी तिथल्या तिथे पकडले गेले असते.

दोन्ही होते तसे ठेवले. सेल टीव्हीच्या रिमोटला घातला.

हाक आली. गेले.

८.१.